परत आलेली सुतळी

मी एक जुना सुतळीचा गुंडा आहे. हसू नका मित्रांनो. गुंडा म्हटलं की तुम्हांला मिशीला पीळ देणारा कुणी आठवतो, हे मला ठाऊक आहे. पीळ माझ्याही अंगात आहे, पण तो तागाचा. आज मी एका खिडकीत, औषधाच्या बाटल्यांशेजारी बसलेला असतो आणि आकारानं लिंबापेक्षा जरासाच मोठा आहे. एके काळी मात्र मी भोपळ्याएवढा होतो आणि मी एक अख्खं गाव फसवलं. मुद्दाम नाही फसवलं. पण फसवलं, एवढं खरं.

माझा जन्म साबणाच्या एका खोक्यावर झाला. गावाच्या वळणावर एक नवं दुकान निघालं होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, एक फळी, मागे मांडणी आणि दारात एक बाक. दुकानदारानं मालाचं पहिलं खोकं उघडायला घेतलं तेव्हा त्यानं सुरी उचलली नाही. बोथट दाभणानं गाठ सैल केली, सुतळी सोडवली आणि एका मोडक्या लाकडी रिळावर गुंडाळून ठेवली. ते रीळ अजून माझ्या पोटात आहे. मित्रांनो, माणसांच्या पोटात काय काय असतं ते कुणालाच दिसत नाही. माझ्या पोटातलं निदान एकदा तरी सगळ्यांना दिसलं. पण ते पुढे येईल.

त्या दुकानदारानंतर त्याचा मुलगा फळीमागे बसू लागला. दाभण त्याच्याकडे आलं आणि सवयही आली. गाठ दिसली की त्याची नखं शिवशिवायची. लोक त्याला गाठमामा म्हणायचे आणि त्याच्या बायकोला नुसतंच मामी. एखाद्या घाईतल्या गिऱ्हाइकानं पुडीची सुतळी फळीवरच तोडायला घेतली, तर मामा त्याचा हात धरायचे.

"अहो, कापली की तिचे दोन तुकडे होतात. सोडली की ती एकच राहते. इतकं साधं आहे."

"मामा, माझी बस चुकेल!"

"बस उद्याही आहे. सुतळी कुठे आहे?"

दुकानाची रीत अशी होती. साखर, चहा, खिळे, मेणबत्त्या, जे काही असेल ते मामा जुन्या कागदात बांधायचे आणि माझ्या टोकाला धरून हवी तेवढी सुतळी ओढून घ्यायचे. लहान पुडीला दोन वीत, मोठ्या पुड्याला दोन हात. पुडी घरी जायची. घरची बाई गाठ सोडायची, कागद घडी घालून ठेवायची, सुतळी बोटांभोवती गुंडाळायची आणि पुढच्या खेपेला ती मामांच्या फळीवर परत यायची. त्याबद्दल कुणाला काही मिळायचं नाही. मामा नुसती मान हलवायचे. पण त्या मान हलवण्यासाठी लोक थांबायचे हो! मान हलली नाही तर "मामा, सुतळी आणलीय बरं का," असं दोनदा सांगायचे.

परत आलेला तुकडा मामा माझ्या टोकाला गाठ मारून जोडायचे. असा मी घडत गेलो. माझ्या अंगावर सगळ्या गावाचा हात फिरलेला होता. शिंपीणबाईंकडून आलेल्या सुतळीला रंगीत दोऱ्याचे केस चिकटलेले असत. जोडे शिवणाऱ्याच्या घरची सुतळी मेणानं चिकट. गवंड्याच्या घरची चुन्यानं पांढरी, आणि ती कधीही पूर्ण परत यायची नाही. त्यातली वीतभर तो भिंतीचा ओळंबा धरायला ठेवून घ्यायचा आणि मामा दर वेळी त्याच्याकडे नुसतं बघायचे. शाळेतले मास्तर सुतळीचं फुलपाखरासारखं सुरेख फूल बांधून आणत. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती टाकटीप सोडली नाही. मुलांना त्यांनी आयुष्यभर एकच धडा शिकवला होता: काही वाया घालवू नका. पेन्सिलीचं बोटभर टोक उरलं तर ते कागदाच्या नळीत खोचून वापरायला लावणारे मास्तर ते हेच.

मला हिशेबाची सवय आहे. दुकानात वाढलेल्याला असायचीच. त्या चांगल्या दिवसांत रोज माझ्यातून साधारण चाळीस हात सुतळी बाहेर जायची आणि छत्तीस हात परत यायची. चार हात कुठे जायचे? कुणी टोमॅटोच्या रोपाला बांधायचं, कुणी चष्म्याच्या काडीला. मी सावकाश बारीक होत जायचो, मग मामा शहरातून नवी लड आणून मला जोडायचे. मी नेहमी नारळाएवढाच राहिलो. मला वाटायचं, आपण जरा अंग धरावं. फळीवर बसणाऱ्यानं कसं, भारदस्त दिसावं. मित्रांनो, अशा इच्छा मनात आणताना जपून आणा. त्या पुऱ्या होतात.

मग पुलापलीकडे, मोठ्या रस्त्यावर, ते नवं दुकान आलं. काचेचं दार, आत थंड हवा, ढकलत न्यायच्या जाळीच्या गाड्या. तिथे सुतळी नव्हती. तिथे एक पिवळी पिशवी फुकट मिळायची. आणि साबण, चहा, साखर, सगळं मामांपेक्षा थोडं थोडं स्वस्त. फार नाही. पण आमचं गाव कसं, हे तुम्हांला आता कळलंच असेल. जे लोक वीतभर सुतळी वाया जाऊ देत नव्हते, ते चार पैसे कसे जाऊ देतील? ज्या गुणावर मामांचं दुकान उभं होतं, तोच गुण चालत चालत पूल ओलांडून गेला.

पण माणसं वाईट नव्हती. त्यांना लाज वाटायची. बसमधून उतरल्यावर घरी जायचा सरळ रस्ता दुकानावरूनच होता. तो सोडून लोक मागच्या पाऊलवाटेनं, धुण्याच्या दगडांवरून, चिखलातून जाऊ लागले. मामांना वाटलं, पलीकडे कुणी आजारी आहे की काय, एवढी वर्दळ कशाला?

मामींना आधी कळलं. आणि कळलं कशामुळे सांगू? गावाच्या काटकसरीमुळेच! ती फुकटची पिवळी पिशवीसुद्धा टाकवेना कुणाला. प्रत्येक घरानं ती धुतली आणि दोरीवर वाळत घातली. पाऊलवाटेनं लपवून आणलेला माल अंगणात फडफडू लागला. मामी एक दिवस पाणी घेऊन आल्या आणि कळशी खाली ठेवत म्हणाल्या, "शिंपीणबाईंकडे तीन. गवंड्याकडे दोन. मास्तरांकडे सात, चिमटे लावून, ओळीनं."

"काय सात?" मामा म्हणाले.

"पिवळ्या पिशव्या."

मामांनी बराच वेळ दाभणाचं टोक पुसलं. मग म्हणाले, "मास्तर नीटनेटकेच पहिल्यापासून."

याच दिवसांत मी फुगू लागलो. लोकांना मामांकडे यायचं होतं, बाकावर टेकायचं होतं, मान हललेली बघायची होती. पण घ्यायचं काही नव्हतं. मग रिकाम्या हातानं यायचं कसं? तर लोक सुतळी घेऊन येऊ लागले. घराघरांतल्या खणांत, डब्यांत, खुंट्यांवर वर्षानुवर्षं राहिलेली सुतळी बाहेर निघाली. "मामा, हे बघा काय सापडलं!" म्हणत लोक ती फळीवर ठेवायचे, दोन गोष्टी बोलायचे, फार तर एक काडेपेटी घ्यायचे आणि मन हलकं करून घरी जायचे. गवंड्यानं तर राखून ठेवलेल्या सगळ्या वितीही आणून दिल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पण मला शंका कसली येणार? मी खूश होतो! नारळाचं कलिंगड झालो, कलिंगडाचा भोपळा. ज्या पत्र्याच्या डब्यात मी बसायचो त्याचं झाकण आधी बसेना, मग डबाच पुरेना. मामांनी मला उचलून फळीवर मधोमध ठेवलं. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, "वा मामा, जोरात आहे!" मीही मनात म्हणायचो, जोरात आहे. आत किती येतं ते मी मोजत होतो. बाहेर किती जातं ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. मित्रांनो, हिशेब येत नसणाऱ्यापेक्षा अर्धाच हिशेब करणारा जास्त वाईट. मी तो होतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. दुकानाचा माल शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या गाडीतून यायचा. त्याची अट होती की महिन्याला निदान दहा खोक्यांची मागणी हवी. त्याखाली गेली, तर या वळणापर्यंत गाडी आणणं त्याला परवडणार नव्हतं. गेल्या महिन्यात दहा भरली होती. मामांनी स्वतःच्या घरासाठीच दोन खोकी साबण घेतला होता म्हणून. या महिन्यात मागणी सातावरच अडली.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मामी फळीपाशी आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून पाहिलं, हातांत मावेना.

"अहो, तीन खोकी कमी आहेत. शनिवारी चिठ्ठी जायचीय. तुम्ही लोकांना सांगा तरी."

"काय सांगू?"

"की तीन खोकी कमी आहेत. घरटी एक साबण, एक चहाची पुडी वाढली तरी भरतील. मी हिशेब केलाय. कुणी नाही म्हणणार नाही."

"आपलं दुकान चालत नाही असं दुकानदारानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं?" मामा हळू आवाजात म्हणाले. "मग जे येतात तेही यायचे नाहीत. बुडत्या दुकानातला चहा शिळा लागतो लोकांना."

"मग निदान याला तरी आत ठेवा." याला म्हणजे मला. "याच्याकडे बघून सगळ्यांना वाटतं आपलं उत्तम चाललंय. अहो, हा वाढतोय म्हणजे काय? नुसतं येतंय. जातंय कुठे?"

मित्रांनो, माझ्या सगळ्या गाठी त्या क्षणी आवळल्या. इतके दिवस मी ज्याला अंग समजत होतो ती सूज होती.

मामांनी माझ्यावरून हात फिरवला. "गावानं दिलेलं आहे. लपवायचं कशाला? आणि आपल्याकडे मिरवायला दुसरं आहे तरी काय?"

मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो की मला आत टाका, माळ्यावर फेका, पोत्यात भरा. पण मी फळीवर मधोमध, सगळ्यांना दिसेल असा बसून राहिलो.

शुक्रवारी मास्तर आले. बगलेत छत्री होती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि छत्री मिटलेली होती, तरी चांगली लठ्ठ दिसत होती. तिच्या घडीतून पिवळा कोपरा डोकावत होता. मास्तरांनी नेहमीसारखं सुतळीचं फूल फळीवर ठेवलं. मामांनी मान हलवली.

"बसा मास्तर," मामी म्हणाल्या. "छत्री द्या, ठेवते कोपऱ्यात."

"नको नको, असू दे. हलकीच आहे."

"हलकी कशी असेल? भरल्यासारखी दिसतेय."

मास्तरांचे कान लाल झाले. मुलांची चोरी पकडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना स्वतःची लपवता येत नव्हती. ते माझ्याकडे बघून घाईनं हसले.

"तुमचं काय मामी, हा गुंडा बघा! सगळं गाव तुमच्याकडे लोटतंय. माझ्या एकट्याच्या साबणानं तुमचं काय अडणार आहे?"

मामींनी तोंड उघडलं. तेवढ्यात मामा खोकले. खोकला आलेला नव्हता, आणलेला होता. मामींनी तोंड मिटलं.

बस्स, एवढंच. एक वाक्य बोलायचं राहिलं आणि एक वाक्य ऐकायचं. मास्तर "येतो" म्हणून गेले, आणि त्या दिवशी सरळ रस्त्यानं गेले. माझ्याकडे बघून त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं ना!

शनिवारी सात खोक्यांची चिठ्ठी गेली. सोमवारी गाडी आली नाही. पुढच्या सोमवारीही आली नाही. मांडणीवरचे डबे एकेक करून रिकामे झाले. मामांनी ते पुसून पालथे घातले आणि दारावर कागद लावला: दुकान बंद.

तेव्हा मात्र अख्खं गाव सरळ रस्त्यानं आलं. बाक पुरला नाही. शिंपीणबाई रडतच होत्या. "असं कसं मामा? एवढं चांगलं चाललं होतं!"

"माझ्याकडून कमी होत होतं हे कबूल," गवंडी म्हणाला, "पण मला वाटलं, बाकीचे घेतात."

"मलाही वाटलं, बाकीचे घेतात," जोडे शिवणारा म्हणाला.

"तुम्हांला वाटलं म्हणजे? आम्हांला वाटलं, तुम्ही घेता!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि मग, एकाच वेळी, माझ्याकडे. मास्तर पुटपुटले, "पण हा गुंडा तर…"

मामींना आता कुणी खोकून थांबवणार नव्हतं. "तो गुंडा म्हणजे तुम्ही न नेलेला माल आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "भोपळ्याएवढा."

मामींचं ऐकून मामांनाच वाईट वाटलं. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, पण त्यात काही जमा झालं नव्हतं.

मामा-मामी शहरात लेकीकडे जायला निघणार होते. जायच्या आधी मामांनी एक काम काढलं. रिकाम्या दुकानाचं दार उघडं ठेवून ते बाकावर बसले, मला मांडीवर घेतलं आणि दाभणानं पहिली गाठ सोडली. मग दुसरी. ज्याची सुतळी त्याला परत. नऊ दिवस हे चाललं. मेणाची वेगळी, चुन्याची वेगळी, रंगीत केसांची वेगळी. एकही गाठ त्यांनी कापली नाही. मामी म्हणाल्या, "आता तरी कापा हो. आता कुणासाठी जपायची?" मामांनी पुढची गाठ हातात घेतली. माझं पोट उघडं पडत गेलं तसा गावाचा सगळा हिशेब बाहेर आला. सगळ्यांत मोठा ढीग मास्तरांच्या सुतळीचा निघाला. सर्वांत जास्त परत त्यांनीच केलं होतं आणि सर्वांत कमी त्यांनीच नेलं होतं. मास्तर तो ढीग दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ दारात उभे राहिले. पेन्सिलीची टोकं मोजणाऱ्या त्या माणसाला हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

शेवटी रीळ उरलं आणि त्यावरची ती पहिल्या खोक्याची सुतळी. ती कुणाचीच नव्हती. म्हणून मी मामांबरोबर आलो.

गावाचं पुढे काय झालं ते मी अधूनमधून येणाऱ्या पत्रांतून ऐकतो. शेजारी दुकान नाही म्हणून आता काडेपेटीसाठीसुद्धा पुलापलीकडे जावं लागतं. चार पैसे वाचवायला निघालेली माणसं बसच्या तिकिटाला आठ पैसे देतात. पिवळी पिशवीही आता फुकट मिळत नाही. जोडे शिवणाऱ्याचे गुडघे गेले आहेत. तो कुणी जाणार असेल तर त्याच्याकडे चिठ्ठी देतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बिनचहाचा बसतो. दाराबाहेरचा बाक अजून आहे. त्यावर कुणी बसत नाही, कारण उठताना काहीतरी घ्यायला हवं असं वाटतं आणि घ्यायला काही नाही.

इथे लेकीच्या घरी सामान येतं ते चिकटपट्टीनं बंद केलेल्या खोक्यांतून. पहिल्या दिवशी मामा तासभर नखांनी ती पट्टी सोडवत बसले. नातीला वाटलं, आजोबांना खोकं उघडता येत नाही. तिनं कात्री आणून दिली. मामांनी ती बाजूला ठेवली.

मित्रांनो, मी तुम्हांला काटकसर सोडा असं सांगणार नाही. सुतळीच्या गुंड्यानं तसं सांगणं म्हणजे स्वतःलाच कात्री लावणं. जपा, गाठी सोडा, कागदाच्या घड्या घाला, पेन्सिलीची टोकं नळीत खोचा. फक्त एखादं भरलेलं दुकान, भरलेला बाक किंवा फुगलेला गुंडा दिसला की लगेच खूश होऊ नका. बाकीचे आहेतच, असं म्हणून पाय मागे घेऊ नका; बाकीचेही तुमच्याकडे बघून तेच म्हणत असतात. आणि तुमचं स्वतःचं काही अडलं असेल, तर न आलेला खोकला आणू नका. सांगा.

गेल्या आठवड्यात पोस्टानं एक पुडकं आलं. वर मास्तरांचं टाकटीप अक्षर. मामा आपला जुना चष्मा दुकानाच्या खणात विसरले होते, तो मास्तरांनी पाठवला होता. पुडकं हाताएवढं, पण त्यावर सुतळी किती होती! मेणाची होती, चुन्याची होती, रंगीत केसांची होती. घराघरांतला एकेक तुकडा गाठी मारून जोडलेला, आणि शेवटी ते फूल. मामा दाभण घेऊन खिडकीपाशी बसले. ऊन पायांवरून भिंतीवर गेलं तरी ते गाठी सोडतच होते. सुटलेला एकेक तुकडा ते माझ्यावर गुंडाळत होते. मी बोटभर जाड झालो. या वेळी मला फुगावंसं वाटलं नाही.

मामी चहा घेऊन आल्या. "अहो, गार होतोय. कापा की ती सुतळी."

"कापायची कशी?" मामा मान वर न करता म्हणाले. "परत द्यायचीय."

मामींनी कप खिडकीत, माझ्याशेजारी ठेवला. मग त्यांनी विचारलं, "कुठे?"

मामांचं दाभण गाठीतच थांबलं.